पट्टी उतरली : रेसच्या गाड्यांचा आवाज असा का झाला

दिवाळीच्या सुट्टीत भाची आमच्याकडे पंचवटीत राहायला आली, ती पेटी घेऊनच. साडेतीन सप्तकांची, बेचाळीस पट्ट्यांची पेटी. एका संध्याकाळी तिचा रियाज संपल्यावर मी मोबाइलवर २०१३ सालच्या फॉर्म्युला वन गाडीच्या आतल्या कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. लांब सरळ रस्ता, वरचा गिअर, इंजिन अगदी टिपेला. तिला म्हटलं, "याचा सूर शोध बघू." ती भाता हलवत एकेक पट्टी दाबत उजवीकडे सरकत गेली. तार सप्तक संपलं तरी सरकतच होती. पेटी संपायला तीन पट्ट्या उरल्या तेव्हा थांबली. "मामा, पांढरी दोन. अतितारातली." म्हणजे तार सप्तकाच्याही वरच्या सप्तकातली दुसरी पांढरी पट्टी.

मग २००५ सालची गाडी लावली. पेटी पुरलीच नाही. शेवटच्या पट्टीवर बोट ठेवून ती म्हणाली, "अजून वर आहे हा." मी कागदावर हिशेब केला, तर पेटीला दोन पट्ट्या कमी पडत होत्या.

तिसरं चित्रण २०१४ नंतरच्या गाडीचं. या वेळी बोट पेटीच्या मधल्या भागातच घोटाळलं. "काळी एक. तारातली. आणि खालची काळी एकसुद्धा त्यात वाजतेय."

रेस बघणारी मंडळी २०१४ पासून म्हणतात, "आवाज गेला." मीही कितीतरी वर्षं तेच म्हणत होतो. पण आवाज नुसता लहान झालेला नाही. पट्टी, म्हणजे सुराची उंची, उतरली आहे, एका सप्तकाहूनही जास्त. एखाद्या गायकाचं गाणं तुम्ही आयुष्यभर तारसप्तकात ऐकलंत आणि एके दिवशी तो तीच चीज मध्य सप्तकात गायला लागला, तर आवाजाचं बटण कितीही वाढवा, ते गाणं परत येत नाही. चाहत्यांची हळहळ नेमकी इथली आहे, आणि ती खरी आहे असं मला मनापासून वाटतं. ही पट्टी उतरली कशी, ते नीट बघू.

इंजिनाला सूर असतो, कारण इंजिन मुळात ताल आहे. हे नाशिककराला समजावणं सोपं. गणपतीच्या आधी संध्याकाळी ढोलपथकांचा सराव चालतो तिथे जाऊन उभे राहा. ढोलाचा एकेक ठोक वेगळा ऐकू येतो, मोजता येतो. ताशाच्या काड्या भरभर पडायला लागल्या की मोजणं अवघड होतं, पण तरी ती तडतड आहे, सूर नाही. आता कल्पना करा, ताशेवाल्याचे हात सेकंदाला शंभर वेळा पडताहेत. तिथे ठोक संपतात आणि त्यांचा एक सलग सूर होतो. साधारणपणे सेकंदाला वीसच्या पुढे कान ठोक मोजणं सोडून देतो आणि सूर ऐकायला लागतो. ठोक जितके जास्त, तितका सूर चढा.

इंजिनातला ठोक म्हणजे सिलिंडरमधला पेट. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, दर दोन फेऱ्यांना एकदा पेटतो. जळलेला वायू झटक्याने बाहेर पडतो आणि हवेला एक धक्का बसतो. म्हणून हिशेब अगदी सरळ आहे : मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या गुणिले सिलिंडरची संख्या, भागिले १२०. येईल तो आकडा म्हणजे दर सेकंदाचे ठोक.

जुनी बुलेट उभ्या उभ्या चालू असते तेव्हा मिनिटाला हजारेक फेऱ्या, सिलिंडर एक. सेकंदाला आठ ठोक. म्हणून ती धकधक करते आणि आपण ते धक मोजू शकतो. तीच बुलेट तीन हजार फेऱ्यांवर गेली की पंचवीस ठोक होतात, आणि धकधकीची घरघर होते.

याच्या अगदी उलट ओझरच्या आकाशात. एचएएलच्या कारखान्यातून निघालेलं सुखोई डोक्यावरून जातं तेव्हा आवाज प्रचंड असतो, पण त्याला पेटीवर पकडा म्हटलं तर पकडता येत नाही. जेट इंजिनात इंधन सलग जळत असतं. ठोकच नाहीत, म्हणून धबधब्याप्रमाणेच त्या गडगडाटालाही एक पट्टी अशी नसते. रेसच्या गाडीचं इंजिन गातं, ते ठोकांमुळे.

आता फॉर्म्युला वनचा हिशेब मांडू. २००५ पर्यंत तीन लिटरची, दहा सिलिंडरची व्ही-१० इंजिनं होती. ती १९,००० फेऱ्यांपर्यंत जात. एकोणीस हजार गुणिले दहा भागिले १२० म्हणजे सेकंदाला १,५८३ ठोक. पेटी संपली ती इथे. नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला, तेव्हा त्याच्या पाठीमागे वाजत होतं ते असंच दहा सिलिंडरचं इंजिन. २००६ पासून २.४ लिटरची व्ही-८ आली आणि २००९ पासून फेऱ्यांवर १८,००० ची मर्यादा. ठोक झाले १,२०० : पांढरी दोन. २०१४ मध्ये आलं १.६ लिटरचं, सहा सिलिंडरचं, टर्बो बसवलेलं संकरित, म्हणजे विजेच्या मोटरचीही मदत घेणारं, इंजिन. नियमात १५,००० फेऱ्यांची मुभा आहे, पण इंधनाचा प्रवाह ताशी १०० किलोवर बांधला आणि ती मर्यादा १०,५०० फेऱ्यांनाच गाठली जात असे. त्यापुढे फेऱ्या वाढवून जास्तीचं इंधन मिळत नाही, नुसतं घर्षण वाढतं. म्हणून गाड्या अकरा-बारा हजारांच्या आसपास राहिल्या. अकरा हजार गुणिले सहा भागिले १२० म्हणजे ५५०. काळी एक.

भाचीला खालची काळी एक ऐकू आली, तेही बरोबरच होतं. या व्ही-६ मध्ये सिलिंडरच्या दोन रांगा एकमेकींशी ९० अंशांत आहेत आणि क्रँकला खिळ्या तीनच, एकेकीवर दोन-दोन सिलिंडर. त्यामुळे ठोक समान अंतरावर पडत नाहीत. एक लवकर, एक उशिरा, पुन्हा एक लवकर, अशी जोडी-जोडीने लंगडी चाल होते. त्या जोडीचा स्वतःचा एक सूर असतो, बरोबर एक सप्तक खाली. नव्या इंजिनाच्या आवाजात जी गुरगुर आहे, ती यातूनही येते. व्ही-८ मध्येही चार-चार सिलिंडरची दोन वेगळी नळकांडी होती, त्यामुळे खालच्या सप्तकाची छटा तिथेही मिसळलेली असायची. पण तिथली खालची पट्टीसुद्धा आजच्या वरच्या पट्टीहून चढी होती.

हे आकडे मला बुद्ध सर्किटवर माहीत नव्हते. २७ ऑक्टोबर २०१३ चा रविवार. आम्ही तिघे मित्र नाशिक रोडहून पंजाब मेलने दिल्लीला गेलो होतो. ग्रेटर नोएडाच्या त्या ५.१२५ किलोमीटरच्या सर्किटवर एक किलोमीटरहून लांब सरळ रस्ता आहे, त्याच्या कडेला आमची जागा होती. टीव्हीवर वर्षानुवर्षं बघितलेलं सगळं पहिल्या गाडीबरोबर खोटं ठरलं. डीजेच्या भिंतीसमोर छाती धडधडते, तसं ते नव्हतं. ते छातीच्या वर होतं, कवटीत, दातांत. गाडी दिसायच्या आधी एक बारीक किंकाळी ऐकू यायची, ती फुगत यायची, आणि गिअर बदलताना दर वेळी हवेत फटाकन काहीतरी फाटायचं. शेजारी बसलेल्या मित्राचे ओठ हलत होते, शब्द नाही. माझ्या शर्टाचं वरचं बटण कातडीवर बारीक थरथरत होतं, ते मी बोटाने दाबून पाहिलं. त्या दिवशी सेबॅस्टियन फेट्टेलने चौथं जगज्जेतेपद मिळवलं, गाडी गोलगोल फिरवली आणि खाली उतरून गाडीसमोर वाकून नमस्कार केला. चाकांचा पांढरा धूर हवेत होता आणि ते इंजिन त्या धुरातून ओरडत होतं. भारतात फॉर्म्युला वनच्या तीनच शर्यती झाल्या, २०११ ते २०१३, आणि तिन्ही व्ही-८ च्या काळातल्या. आपल्याकडच्या बहुतेक चाहत्यांच्या कानात प्रत्यक्ष साठलेला आवाज हाच.

तो कवटीत का शिरायचा? माणसाचा कान सगळ्या सुरांना सारखाच जागा नसतो. साधारण सेकंदाला २,००० ते ५,००० कंपनांच्या पट्ट्यात तो सगळ्यात तिखट असतो. तान्ह्या बाळाच्या रडण्याचा टोचणारा भाग याच पट्ट्यात येतो, म्हणून ते चार भिंतींपलीकडूनही ऐकू येतं. कुठलाही सूर एकटा नसतो, त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे उपस्वर सोबत असतात. १,२०० ची दुप्पट २,४०० आणि तिप्पट ३,६००. म्हणजे व्ही-८ चे पहिले, सगळ्यात जोरकस उपस्वर थेट कानाच्या दुखऱ्या जागी पडत होते. ५५० चे पहिले दोन उपस्वर १,१०० आणि १,६५० वर येतात, त्या जागेच्या अलीकडेच. तेवढ्याच डेसिबलचा आवाज केला तरी नवं इंजिन कानाला मवाळ वाटणार, ते यासाठी.

आणि डेसिबलही घटलेच. इथे टर्बो येतो.

उन्हाळ्यात रसवंतीवर उभे राहा. उसाचं कांडं चरकातून एकदा निघालं की चोथ्यात बराच रस शिल्लक असतो. रसवंतीवाला तो चोथा दुमडून पुन्हा घालतो, मग आणखी एकदा. शेवटी बाहेर पडतो तो कोरडा, हलका. जुनं व्ही-८ इंजिन म्हणजे एकदाच पिळून फेकलेला ऊस. इंधनातली एक-तृतीयांशही ऊर्जा चाकांपर्यंत जात नव्हती. उरलेली बरीचशी तापलेल्या, दाबाखालच्या वायूच्या रूपाने मागच्या नळीतून बाहेर फेकली जायची. वाटेत सायलेन्सर नाही, अडवणारं काही नाही. आपण ऐकत होतो तो त्या वाया गेलेल्या रसाचा आवाज होता.

टर्बो म्हणजे चरकाचा दुसरा फेरा. बाहेर पडणाऱ्या वायूच्या वाटेत एक पंखा असतो, वायू त्याला फिरवतो आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात जास्त हवा कोंबतो. २०१४ च्या इंजिनात याच दांड्याला वीज तयार करणारं यंत्रही जोडलं, मिनिटाला १,२५,००० फेऱ्यांपर्यंत जाऊ शकणारं. तो तिसरा फेरा. इतकं पिळून घेतल्यावर वायूत धक्के उरत नाहीत. ठोकांची धार पंख्याच्या पात्यांवर बोथट होते आणि सगळ्या सिलिंडरांचा वायू मिळून एकाच नळीतून सुस्कारा टाकावा तसा निघतो. बदल्यात काय मिळालं, तेही सांगायला हवं. २०१४ मध्ये अख्ख्या शर्यतीला १०० किलो इंधनाची मर्यादा आली, आधी गाड्या दीडशेच्या घरात जाळत होत्या. आणि २०१७ मध्ये मर्सिडीजने जाहीर केलं की त्यांच्या इंजिनाने चाचणी बाकावर निम्म्याहून जास्त ऊर्जा कामाला लावली. मोटारीच्या इंजिनासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. मला तो जुना आवाज हवा आहे आणि या कामगिरीचा आदरही वाटतो. दोन्ही एकाच वेळी.

शाळेतला एक मित्र मेलबर्नला असतो. मार्च २०१४ मध्ये नव्या इंजिनांची पहिली शर्यत तिथेच झाली. त्याने स्टँडमधून फोन लावला. मी म्हटलं, "सुरू झालं की ठेव, काही ऐकू येणार नाही." तो म्हणाला, "अरे, सुरूच आहे. दोन गाड्या गेल्या आत्ता. मी तुझ्याशी बोलतोय ना." मला काय बोलावं कळेना. पुढे त्याने एक गोष्ट सांगितली, ती मात्र मी विसरलो नाही. म्हणाला, ब्रेक मारल्यावर टायर कसे कुरकुरतात ते पहिल्यांदा ऐकलं.

ओरड इतकी झाली की मे २०१४ मध्ये स्पेनच्या शर्यतीनंतरच्या चाचणीत मर्सिडीजने निको रोसबर्गच्या गाडीच्या नळीला चक्क कर्णा बसवून पाहिला. फरक नगण्य पडला. पडणारच होता, कर्णा आवाज पसरवतो, पट्टी बदलत नाही. २०१६ पासून टर्बोला वळसा घालून जाणाऱ्या जादा वायूला वेगळी नळी देणं सक्तीचं झालं, त्याने थोडा खरखरीत जोर परत आला.

आवाज नाही म्हणजे दम नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. सातपूरच्या कारखान्यांत डिझेलची इंजेक्टर बनवणारे हात आहेत, त्यांना हे सांगायची गरज नाही. २००६ मध्ये फ्रान्समधल्या ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ऑडीची आर-१० ही गाडी जिंकली, तिथे जिंकणारी पहिली डिझेल गाडी. बारा सिलिंडर, दोन टर्बो, आणि रेसच्या गाडीच्या मानाने फारच शांत.

नाशिकच्या आमच्या पिढीला रेस कानाने ओळखायला शिकवलं ते फॉर्म्युला वनने नाही, रॅलीने. रॅली ऑफ महाराष्ट्र इथे व्हायची तेव्हा आम्ही गावाबाहेरच्या कच्च्या रस्त्याला पहाटेच जाऊन बसायचो. रॅलीत गाड्या एकेक करून सुटतात, आणि गाडी दिसते पाच-सात सेकंदच. पण ऐकू येते त्याच्या कितीतरी आधी. टेकडीपलीकडे जिप्सी आहे. ॲक्सिलरेटर पिळलेला आहे. आता सोडला, म्हणजे वळण आलं. एक गिअर खाली, दुसरा खाली. पोटाखाली खडी आपटतेय. मग पुन्हा पिळला, आणि चढाच्या माथ्यावर क्षणभर इंजिन मोकळं ओरडलं, म्हणजे चाकं हवेत आहेत. शेजारचे काका डोळे मिटून सांगायचे, "हा भ्यायला," किंवा "याने सोडलाच नाही." चार सिलिंडर, सात हजार फेऱ्या, सेकंदाला २३३ ठोक : मंद्रातली काळी पाच. पट्टी खालचीच, पण तिच्यात चालकाचं मन ऐकू यायचं.

म्हणून नवा आवाजही असाच ऐकून बघावा, असं मी आता मित्रांना सांगतो. संकरित इंजिनाच्या आवाजात बातम्या आहेत. सरळ रस्ता संपायच्या आधीच सूर उतरला, तर चालक इंधन किंवा बॅटरी वाचवतोय. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असूनही गाडीचा जोर शेवटाला मंदावला, तर विजेची मदत संपली. २०२६ च्या नियमांनी हे आणखी ठळक केलं. टर्बोच्या दांड्यावरचं ते वीजयंत्र काढून टाकलं, चाकांना जोडलेल्या मोटरची ताकद ३५० किलोवॅटवर नेली, आणि जवळपास निम्मा जोर विजेकडे दिला. इंजिन मात्र व्ही-६ टर्बोच. जुन्या किंकाळीची ओढ फक्त आपल्यालाच आहे असंही नाही. २०२५ मध्ये मोटार शर्यतींची जागतिक संघटना असलेल्या एफआयएचे अध्यक्ष मोहम्मद बेन सुलायेम यांनी शाश्वत इंधनावर चालणारं व्ही-१० परत आणायचा विचार उघडपणे मांडला होता.

दुसऱ्या टोकाला पूर्ण विजेची फॉर्म्युला ई. नाशिकला कारखाना असलेल्या महिंद्राचा संघ तिच्या पहिल्या हंगामापासून आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ती हैदराबादला हुसेन सागरच्या काठावर, भर शहरात धावली. तिथे पेटच नाही, म्हणून ठोकही नाहीत. ऐकू येते ती मोटर आणि गिअरच्या दात्यांची चढती शीळ, टायरची घासण, तळ रस्त्याला टेकल्याचा खरखराट. भर वस्तीत शर्यत घेणं या शांततेमुळे सोपं जातं. मला ती शीळ अजून आपली वाटत नाही. भाचीला ती आवडते. तिने व्ही-८ ची किंकाळी कधी समोर उभं राहून ऐकलेलीच नाही.

एक काळजीची गोष्ट, लहान मुलांना शर्यतीला किंवा रॅलीला नेणाऱ्यांसाठी. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसला तर चालतो असं धरतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. नोएडाहून परतताना गाडीत रात्रभर माझ्या कानात शिट्टी वाजत होती. फोमचे बोळे खिशात होते आणि मी हौसेने ते काढून ठेवले होते. कानातल्या बारीक केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. बोळे घालूनही पट्टी तीच ऐकू येते, तेव्हा घालाच.

राहिला गाडी समोरून गेल्यावरचा तो "ईईई-याऊं". तो इंजिनाचा नाहीच, वेगाचा आहे. गाडी आपल्याकडे येत असते तेव्हा आवाजाच्या लाटा दाटीने पोहोचतात, सूर चढा लागतो. दूर जाताना त्याच लाटा विरळ होतात, सूर उतरतो. याला डॉप्लर परिणाम म्हणतात. ताशी ३०० किलोमीटरने गेलेल्या गाडीचा येतानाचा आणि जातानाचा सूर यांत साधारण धैवत आणि षड्ज यांच्याइतकं अंतर पडतं, कोमल आणि शुद्ध धैवताच्या मधे कुठेतरी. व्ही-१० असो, व्ही-६ असो, विजेची मोटर असो, वेग तोच असेल तर हे अंतर तेच.

भाचीला हे खरं वाटेना. म्हणून ती परत जायच्या आदल्या दिवशी आम्ही देवळाली स्टेशनवर जाऊन बसलो. तिथे न थांबणारी एक एक्स्प्रेस शंभराच्या वेगात हॉर्न देत आली. इंजिन समोरून गेलं तसा हॉर्नचा सूर घसरला. भाचीने आधी शेवटचा सूर गुणगुणत धरून ठेवला, त्याला सा केलं, मग हळूच वर चढत पहिला शोधला. गाडीचा शेवटचा डबा गेला तरी ती गुणगुणत होती. "रे च्या वर," ती म्हणाली, "पण कोमल ग नाही. थोडा कमी."

हिशेबानेही तेवढंच येतं.